धुकेबाईंचं माहेर

आमच्या सोसायटीत सकाळी लोक एकमेकांना "पाणी आलं का?" असं विचारतात. धुकेबाई "धुकं आलं का?" असं विचारायच्या. थंडीत विश्रांतवाडीवर नदीकडून धुकं चढलं की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि या बाई शाल गुंडाळून, हातात तांब्या घेऊन गच्चीवर! शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक.

गच्चीवर त्यांनी डब्यांत सिमेंट ओतून दोन बांबू उभे केले होते. मध्ये नर्सरीवाले वापरतात ती हिरवी जाळी, स्वतःच्या मशीनवर दुपदरी शिवून, ताणून बांधलेली. धुकं जाळीतून जाताना तिच्यावर थेंब धरायचे, ते ओघळून खालच्या अर्ध्या चिरलेल्या पाइपात उतरायचे आणि तिथून तांब्यात. आमच्याकडे वारा नाही, त्यामुळे तांब्या कधीच भरला नाही.

"आज वाटीभर," त्या मला दाराशी दाखवायच्या.

"चहा होईल का?"

"तुमच्या घरी पाहुण्याला मिळतो, तेवढा होईल."

पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर जीभ व्हायची तशीच झाली होती.

एकदा चेअरमनसाहेबांनी मीटिंगमध्ये विषय काढला, की जाळीमुळे गच्चीची शोभा जाते. शोभा म्हणजे दोन गळक्या टाक्या आणि कुणीतरी टाकून गेलेलं कमोड. "आपण म्हणत असाल तर काढते," बाई शांतपणे म्हणाल्या, "फक्त शोभा कुठे ठेवलीय तेवढं दाखवा." विषय तिथेच मिटला.

हा सगळा खटाटोप वाटीभर पाण्यासाठी नाही, हे मला एका मे महिन्यात कळलं. आमची ही माहेरी निघाली होती. बॅगा खाली नेताना जिन्यात बाई भेटल्या. मी सहज विचारलं, "तुम्ही नाही का जात माहेरी?"

"आमचं माहेर पावसाळी," त्या म्हणाल्या. "जूननंतर उघडतं."

बाईंचं माहेर म्हणजे घाटमाथ्यावरची एक वाडी, जिथून खाली कोकण दिसतं. पावसाळ्यात तिथे छपरं टिकत नाहीत आणि होळीनंतर प्यायला पाणी नाही. आईवडील गेलेले, भाऊही गेलेला; घरात एकटी वहिनी, बाईंच्याच वयाची. ती कड्याखालच्या झऱ्यावरून हंडा डोक्यावर घेऊन चढायची. लेक माहेरी आली की दारात भाकरतुकडा ओवाळायचा आणि तिच्या पायावर पाणी घालायचं, ही तिथली रीत. एका वर्षी बाई न कळवता वैशाखात गेल्या. वहिनीनं भाकरतुकडा ओवाळला आणि तशीच उभी राहिली. घरात हंडा पालथा होता.

"तिनं माझ्यापुढे मान खाली घातली हो," बाई म्हणाल्या. "त्यानंतर उन्हाळ्यात कधी गेले नाही." वहिनीही फोनवर दर वर्षी म्हणायची, "वन्सं, पाऊस लागला की या."

"अहो, मग दोन कॅन भरून घेऊन जा की!" मी शहाणपणा केला.

"माहेरी कोणी पाणी घेऊन जातं का?"

पुढे आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

गंमत अशी, की त्या वाडीवर वैशाखातही पहाटे कोकणातून दाट धुकं वर येतं. अंगणात समोरचं माणूस दिसत नाही. "डोळ्यांदेखत पाणी घरावरून जातं," बाई म्हणायच्या, "आणि वहिनी कडा उतरते. मला एकदा वैशाखात तिच्याकडे माहेरपण करायचंय. आता राहिलेत किती वैशाख आमच्यात?" आमच्या गच्चीवर चालायची ती त्याचीच तालीम होती.

पहिली मोठी जाळी त्यांनी एसटीनं नेली. कंडक्टरनं विचारलं, "हे काय?"

"धुकं धरायचं जाळं."

"गावलं तर आम्हालाबी द्या," म्हणत त्यानं सामानाचं तिकीट दिलं.

ती जाळी वाऱ्यानं फाडून पार खाली कोकणात नेली. वाडी हसली. बाई परत आल्या, जेवल्या आणि मशीनवर बसल्या. "कापड बरोबर होतं, काठ चुकला," एवढंच बोलल्या. या वेळी चारी काठांत नायलॉनची दोरी घालून दुमड शिवली. पुढच्या होळीआधी जाऊन नवी जाळी बांधून, खाली ड्रम ठेवून आल्या. मग मात्र त्या फोनकडे बघत बसायच्या. चैत्र संपत आला, तसं मी विचारायचंही सोडून दिलं.

एका सकाळी बाई आमच्या दारात. फोनचा स्पीकर चालू केलेला. "अहो, ऐका," म्हणाल्या आणि पलीकडून वहिनीचा आवाज आला, "वन्सं, औंदा वैशाखात या."

बाई फोन माझ्यापुढे धरून नुसती मान डोलवत राहिल्या. शेवटी मीच फोनमध्ये तोंड घालून ओरडलो, "येतात म्हणतात!"

गेल्या थंडीत बाई गेल्या, झोपेतच. जाळी अजून गच्चीवर आहे. तिची सुटलेली दोरी परवा चेअरमनसाहेब स्वतः बांधत होते; मी ते पाहिलं हे त्यांना आवडलं नाही. धुकं पडलं की मी तांब्या घेऊन वर जातो. वाटीभर मिळतं. बाईंची फार आठवण येते, ते कबूल करायला लाज कसली!

त्या वैशाखात माहेराहून परतल्या, तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं होतं, "काय, किती मिळालं पाणी?" एरवी वाटीवाटीचं सांगणाऱ्या बाई साडी जराशी वर धरून स्वतःच्या पावलांकडे बघत राहिल्या.

"पायावर घातलं," म्हणाल्या. "अख्खा तांब्या. मी ओरडतेय, अगं पुरे, सांडतंय! पण ऐकेचना. माझ्या तोंडाकडे बघत ओतत होती. निम्मं अंगणातच गेलं."