खेचराचे कान

लाकडावर नक्षी करणाऱ्या या माणसाला सगळे मिस्त्रीच म्हणतात. पलंगांना मोर आणि दारांना वेली कोरण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. थोरला भाऊ सैन्यातून लंगडत परतला, त्याच्यासाठी एक काठी केली, आणि तेव्हापासून निवृत्त सैनिकांना काठ्या करून द्यायचं वेडच लागलं. ज्याला जे हवं ते मुठीवर कोरायचं. कुणी जहाज मागे, कुणी पूल. एकाने चक्क पलटणीतला स्वयंपाकी मागितला, पातेल्यासकट.

शेवटच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या फौजीला खेचर हवं होतं. तो जखमी झाला तेव्हा एका खेचराने त्याला डोंगरावरून खाली आणलं होतं. मिस्त्रीने कान मागे पाडून कोरले. उभे कान मुठीवर टिकत नाहीत, जरा धक्का लागला की मोडतात. फौजीने काठी हातात घेतली आणि परत केली. कान पाडलेलं खेचर म्हणे चिडलेलं असतं, आणि गोळ्या सुटत होत्या तेव्हाही ते त्याच्यावर चिडलं नव्हतं.

स्मरणसभा तोंडावर आली होती. लढाईत गेलेल्यांची नावं तिथे वाचायची होती आणि फौजीला ती उभं राहून ऐकायची होती. चाकाच्या खुर्चीचं कुणी नाव काढलं की तो सुनेच्या अंगावर धावून जायचा, म्हणजे बसल्या जागेवरून. कान उभे काढायचे तर लाकूड जाड हवं. मिस्त्रीकडे होतं ते पुरतं वाळलेलं नव्हतं. तरी त्याने तेच घेतलं.

सभेच्या दिवशी सकाळी तेलाचा शेवटचा हात देताना खेचराच्या मानेवर केसाएवढी चीर दिसली. भुसा आणि सरस भरून त्याने ती बुजवली, घासून सपाट केली. पलंगाला हेच करतात. बायको दारातून बघत होती.

"पलंगावर माणूस निजतो, काठीवर उभा राहतो," ती म्हणाली. "सांगून टाका त्यांना."

पण काठी हाती येताच फौजीने कानांवरून अंगठा फिरवला आणि असा काही हसला की मिस्त्रीची जीभच उचलेना.

सभेत तो फौजीच्या मागच्याच रांगेत बसला. नावं सुरू झाली. फौजी उठला, सगळा भार मुठीवर टाकून. मिस्त्रीला समोरची माणसं दिसेनात, तेवढी खेचराची मान दिसत होती. बुजवलेल्या जागी सरसाची पिवळी रेघ उघडली. कट् असा बारीक आवाज झाला. कुणीच वळून पाहिलं नाही. सूनसुद्धा समोरच बघत होती. हाक मारावी तर सभा मोडते, न मारावी तर म्हातारा.

खुर्च्यांमधून अंग चोरत तो पुढे गेला आणि फौजीच्या कानाशी लागला.

"आजोबा, भार काढा. मानेला तडा गेलाय. सकाळीच दिसला होता मला."

फौजीने तोंड वळवलं नाही. "आणि आत्ता सांगतोस?"

"धीर झाला नाही."

"मग खांदा दे इकडे. मेल्यावर काय, सगळेच देतात."

काठी जमिनीवरून उचलून फौजीने छातीशी धरली. म्हाताऱ्याचं सगळं ओझं मिस्त्रीच्या खांद्यावर आलं. वाटलं होतं त्याहून कितीतरी जड. वाचणाऱ्याच्या हातात अजून बरेच कागद होते. मिस्त्रीने भार दुसऱ्या पायावर घेतला.

"हलू नकोस," फौजी पुटपुटला. "माझ्या तुकडीची नावं अजून यायची आहेत."