गाण्यातल्या बाईची गेट-नोंद

बाटल्यांच्या कारखान्याच्या मुख्य गेटवर जो माणूस उभा असायचा त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसात तो एक दिवसही नव्हता. मिशी तेवढी होती आणि आल्यागेल्याला उभं करून विचारायची सवय होती. नाव पडायला एवढं पुरतं. सव्वीस वर्षांत त्याच्या नजरेतून सुटून एक रिकामी बाटलीही बाहेर गेली नव्हती. पगार त्याला उभं राहण्याचा मिळायचा. चौकशी तो हौसेने करायचा.

गेटवरच्या नोंदवहीला सहा रकाने होते. वेळ, कोण, आत की बाहेर, सोबत काय, तपासलं का, आणि शेवटचा, कारण. नोकरीला लागला तेव्हा जुन्या जमादाराने त्याला एकच धडा दिला होता. ‘दिसलं ते वहीत लिहायचं. वाटलं ते घरी जाऊन बायकोला सांगायचं.’ हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला. त्यामुळे वही कोरडी ठणठणीत राहिली आणि बायकोचे कान सव्वीस वर्षं भरत राहिले.

मग मालक बदलले. नवे मालक दूरदेशी बसून वह्या वाचणारे निघाले. हुकूम सुटला की यापुढे प्रत्येक खात्याची नोंद इंग्रजीत. सहा आठवडे शिकवणी, शेवटी परीक्षा, आणि जो नापास होईल त्याची बदली मागच्या गेटवर. मागच्या गेटला फुटक्या काचेचा ढीग होता. आठवड्यातून एक ट्रक यायचा, तोही नेहमीचाच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, सावलीत खुर्ची टाकू. पण हवालदार त्या रात्री बायकोला विचारत बसला. ज्या दारातून कुणी जात-येत नाही त्या दारात माणसाने करायचं काय?

शिकवणी कँटीनच्या माडीवर, जेवणाच्या सुट्टीनंतर. शिकवायला आलेल्या मॅडम वयाने हवालदाराच्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पिशवीतून मुठीएवढा स्पीकर काढला आणि एक इंग्रजी गाणं लावलं. ठेका असा की फोर्कलिफ्टवाल्याचा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागला. मॅडमनी गाण्याचा कागद वाटला. त्यात बारा जागा रिकाम्या. गाणं ऐकायचं, भूतकाळाचं क्रियापद पकडायचं, जागेत भरायचं.

गाण्यातली गोष्ट साधी होती. एक बाई लाल सूटकेस घेऊन जिना उतरते, किल्ली शेजारणीकडे देते आणि निघते, म्हणजे ‘सेट ऑफ’. तिची बस वाटेत ‘ब्रोक डाउन’ होते. ती ‘टर्न्ड बॅक’, म्हणजे मागे फिरते, स्वतःच्या दाराशी येते, पण बेल न वाजवता ‘गेव्ह अप’ करते. तेवढ्यात एक गाडी येते, तिला ‘पिक्ड अप’ करते, आणि गाडी ‘ड्रोव्ह ऑफ’. संपलं.

सगळ्यांनी माना खाली घालून पेन चालवले. हवालदाराने हात वर केला.

“मॅडम, परत आली, दारापर्यंत गेली, मग बेल का नाही वाजवली?”

“ते गाण्यात नाहीये, काका.”

“तेच म्हणतोय मी. का नाहीये?”

फोर्कलिफ्टवाला मागून म्हणाला, “अहो हवालदार, किल्ली शेजारणीकडे दिली म्हणजे घर रिकामं. बेल वाजवून उघडणार कोण, पाल?”

“मग दारापर्यंत आली कशाला?”

फोर्कलिफ्टवाल्याचा पाय हलायचा थांबला. खरंच, कशाला आली?

त्या संध्याकाळी हवालदाराने गाणं फोनवर घेतलं आणि घरी तीनदा वाजवलं. बायको भांडी घासत होती.

“काहीतरी विसरली असेल,” ती म्हणाली.

“काय विसरली?”

“मला कशी सांगेल? तिच्या मागे तुम्ही लागलाय.”

“आणि गाडीत कोण होतं?”

“बहीण असेल.”

“पुरुष असला तर?”

“असू दे की. तुम्हाला सकाळी सहाला ड्यूटीवर जायचंच आहे.”

पण त्याच्या डोक्यातून बाई जाईना. ‘पिक्ड अप’ म्हणजे गाडीवाल्याने बाईला उचललं की सूटकेस उचलली, हे विचारायला त्याने दुसऱ्या दिवशी मॅडमना जिन्यातच गाठलं. मॅडमनी सांगितलं की आपण माणसाला न्यायला जातो तेव्हाही तसंच म्हणतात. मग ‘गेव्ह अप’ म्हणजे तिने नेमकं काय सोडलं? बाकीचे क्रियापदांचे तक्ते घोकत होते. याचा तपास चालू होता, आणि तपासाला लागतील तेवढे शब्द तो ठेचकाळत, पण पक्के उचलत होता.

सरावाच्या परीक्षेत मात्र बारापैकी चार. पाचव्या रिकाम्या जागेपाशी विचार करत बसला आणि गाणं पुढे निघून गेलं.

“काका, तुम्हाला येतं,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्ही मधेच थांबता.”

“गेटवर थांबवायचंच काम आहे, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. “खऱ्या परीक्षेत असं केलंत तर मागच्या गेटवर जाल. आणि मला तिथं काही करता येणार नाही.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयातून साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईतला. आधी एकेकाला जवळ बोलावून ‘गाण्यात काय झालं’ एवढं तोंडी विचारलं. हवालदाराचा नंबर यायच्या आत वेळ संपली म्हणून थेट लेखी. वीस जागा, अर्धा तास, गाणं तेच. हवालदाराने सात भरल्या. आठवी जागा आली नेमकी दाराशी, बेलपाशी. तो थांबला. मग त्याने कागद उलटा केला, पट्टी घेतली आणि पाठीमागे सहा रकाने आखले.

साहेबांनी पेपर तपासला. “सात. पास व्हायला बारा लागतात.” मग कागद उलटला. “हे काय?”

“नोंद, साहेब.”

साहेब वाचायला लागले. “वन लेडी सेट ऑफ. वन रेड सूटकेस. नॉट चेक्ड. रीझन, नॉट नोन. लेडी टर्न्ड बॅक. रीझन, नॉट नोन. डिड नॉट रिंग बेल. रीझन...” त्यांनी मान वर केली. “सगळीकडे माहीत नाही? अहो, आत्ताच अकरा जणांनी मला सांगितलं, नवरा वाईट होता म्हणून गेली.”

“कुणी बघितला नवरा?”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी गाण्याचा कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. “सर,” त्या हळूच म्हणाल्या, “गाण्यात नवरा नाहीच आहे.”

अकरा जणांनी आपापले कागद पुन्हा उचलले.

“मागच्या बाजूला गुण नसतात,” साहेब म्हणाले. पण सातच्या आकड्याखाली त्यांनी अजून निकालाची रेघ मारली नव्हती. त्यांनी एक खुर्ची खिडकीशी ओढली. खिडकीतून आवार आणि मुख्य गेट दिसायचं; गेटवर त्या वेळी दुसरा पहारेकरी होता. “बसा. दहा मिनिटं. जे दिसेल ते इंग्रजीत लिहा.”

हवालदार बसला. इतरांच्या तपासणीत साहेब गुंतले. दहा मिनिटांनी त्यांनी कागद घेतला.

“अकरा पाच. टू मेन वॉक्ड इन. वन लॅडर. चेक्ड. अकरा आठ. लॅडर केम बॅक, वन मॅन ओन्ली.” साहेब अडले. “दुसरा कुठं गेला?”

“आतच आहे, साहेब.”

“हं. अकरा बारा. व्हाइट कार ड्रोव्ह ऑफ. ड्रायव्हर अलोन. बॅक सीट, वन ब्लॅक बॅग. नॉट चेक्ड. रीझन, नॉट नोन.” साहेब उभेच राहिले. “माझी गाडी?”

“पांढरी होती. तुमची होती असं मी लिहिलेलं नाही.”

साहेब खिडकीशी गेले. झाडाखालची जागा रिकामी. फोन लावला, ड्रायव्हर उचलेना. बॅगेत बाकीच्या तीन कारखान्यांचे पेपर होते.

“कुठं गेला असेल हो हा?”

“दिसलं ते सांगू की वाटतं ते?”

“वाटतं ते सांगा.”

“पुढचं डावं चाक बसलेलं होतं. हवा भरायला गेला असेल.”

तेवढ्यात फोन वाजला. पंक्चरवाल्याकडून ड्रायव्हर बोलत होता. पाच मिनिटांत येतो म्हणाला. साहेब खुर्चीत टेकले. त्यांनी ते दोन कागद शेजारी शेजारी धरले, सात गुणांचा आणि दहा मिनिटांचा. सात त्यांनी खोडला नाही. त्याखाली लिहिलं, ‘मुख्य गेट, सकाळची पाळी,’ आणि सही केली.

फोर्कलिफ्टवाल्याने हवालदाराच्या पाठीत धपका घातला. मॅडम स्पीकर पिशवीत ठेवत होत्या. त्यांचा हात मधेच थांबला, कारण साहेब कागद न देता तसेच खिडकीकडे बघत होते.

“तो शिडीवाला दुसरा माणूस,” साहेबांनी विचारलं, “आला का बाहेर?”

हवालदार आधीच काचेला नाक लावून उभा होता.