चोच धुवू दे त्याला

सुनंदामावशींनी मला भाट्याच्या खाडीवर, सगळ्या ग्रुपसमोर, सपशेल नापास केलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, आणि मला अजून त्याच रविवारचं हसू येतंय.

मावशी म्हणजे आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपच्या सर्वेसर्वा. पोस्टात सॉर्टिंगला आयुष्य गेलं. गिचमिड पत्ता वाचणारा तो डोळा रिटायर झाल्यावर पक्ष्यांकडे वळला.

मी मिरजोळ्याला एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. आठवडाभर खोक्यांना लेबलं लावायची सवय. रविवारी पक्ष्यांनाही लावायची घाई.

आणि मला एकच पक्षी हवा होता. पांढरा समुद्री बगळा.

हा बगळा दोन रंगांत येतो. राखाडी असला तर कातळावर कुणीही ओळखेल. पांढरा मात्र साध्या लहान बगळ्यांत मिसळून जातो. साध्याची चोच बारीक, काळी. समुद्रीची जरा जाड, पिवळट-तपकिरी. बास, एवढाच काय तो फरक.

मावशींच्या पक्षी नोंदवायच्या वहीतसुद्धा त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं.

तर त्या रविवारी मला तो दिसला. चोच तपकिरी! फोटो काढला, ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'कन्फर्म्ड'. चिपळूणहून दोघं गाडी काढून आले.

मावशींनी दुर्बीण लावली. ती काही खाली घेईनात. मी म्हटलं, फोटो क्लिअर आहे की मावशी.

"मेल्या, चोच धुवू दे त्याला."

मग आम्ही सगळी मोठी माणसं एका बगळ्याच्या तोंड धुण्याची वाट बघत उन्हात उभी!

शेवटी त्याने पाण्यात चोच घातली, दोनदा हलवली. चिखल गेला.

चोच काळी कुळकुळीत.

चिपळूणकरांच्या तोंडाकडे मला बघवेना. त्याच क्षणी ग्रुप सोडायचं ठरवलं होतं मी.

आमच्यात नियम आहे, ज्याचा पक्षी चुकला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. टपरीवर मावशींनी पिशवीतून वही काढली आणि शेवटची पानं माझ्यापुढे धरली. तिथे त्यांच्या स्वतःच्या चुका होत्या, तारीखवार. घारीचा गरुड केलेला. तरंगणाऱ्या थर्माकोलला कुरव पक्षी म्हटलेलं.

"चुकलास तर चहा पाजायचा. त्यात रडतोस काय?"

हसून हसून माझा चहा सांडला. ग्रुप काही सोडला नाही.

मावशी गेल्यावर त्यांच्या मुलीने ती वही मला दिली. प्रश्नचिन्ह तसंच होतं. त्यांना तो बगळा शेवटपर्यंत पक्का दिसला नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आज सकाळी ओहोटी बघून आम्ही भाट्यालाच गेलो.

खडकाजवळ एक पांढरा. जाड, तपकिरी चोचीचा.

मोबाइल खिशातच ठेवला. त्याने पाण्यात चोच मारली, मासा गिळला, परत चोच बुडवली. आम्ही तरीही थांबलो. तिसऱ्यांदा बुडवली तेव्हा मी वही उघडली आणि त्या प्रश्नचिन्हावर काट मारली.

चहा मीच पाजला, पक्षी बरोबर असूनही.

मावशी, त्याने चोच धुतली. रंग तसाच राहिला.

तुमची फार आठवण येते. मनापासून नमस्कार.