पेवातला स्फटिक

"हलू नका," असं म्हणून बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि समोरचा माणूस असेल तसा थिजायचा. मग तो शिपाई असो की खुद्द प्राचार्य. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला खिडकीकडचा कोपरा बाईंचा होता आणि तिथे कोणी जरा जोरात पाऊल टाकलं की ते बोट वर व्हायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या खोलीत आपण आपोआप चवड्यांवर चालतो. आमच्या सांगलीच्या कॉलेजात त्या एकट्याच तशा होत्या.

मी पदार्थविज्ञान शिकवायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. बाई मूळच्या वाईच्या, घाटाला लागून घर असलेल्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कोणाची टाप नव्हती.

"पपई घातली की मटण लवकर शिजतं, ठाऊक आहे ना?" त्यांनी एकदा मला विचारलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाई मला मटण शिजवायला शिकवताहेत, याचं मला हसू आलं.

"हसू नका. पपईच्या चिकात एन्झाइम असतं, ते मांसाचे धागे तोडतं. पण कसं तोडतं? त्याचे दात कुठे आहेत? ते बघायचं तर त्याचा स्फटिक करावा लागतो आणि त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात. पपईचं चित्र परदेशातल्या लोकांनी काढलं. रुईचं आपण काढायचं."

रुई म्हणजे आपली मारुतीला वाहतात ती. तिच्या चिकातही असंच एन्झाइम असतं. सुट्टी लागली की बाई एसटीनं जतकडच्या माळावर जायच्या आणि बाटल्या भरभरून चीक आणायच्या. तो डोळ्याला लागला की आग आग होते, म्हणून उन्हातान्हात डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा चष्मा. जतच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या मेंढपाळानं त्यांना हात जोडले होते. "बाई, तुमच्या मारुतीला लय रुई लागती वो."

"हो ना," बाई म्हणाल्या, "नवसच मोठा बोललेय."

नवस मोठाच होता. क्ष-किरणांचं यंत्र बंगलोरला होतं. तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, मोहरीच्या निम्म्या तरी आकाराचा, न तडकलेला एकच स्फटिक आणा, पुढचं आम्ही बघतो. बाईंचे स्फटिक खसखशीच्या पुढे जात नव्हते. एवढ्याशा खड्यासाठी या बाईंनी आपली सगळी उमेद पणाला लावली होती आणि आम्ही स्टाफरूममध्ये बसून त्यावर विनोद करत होतो.

हा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा दणकट नसतो. मऊ असतो, पाणीदार असतो. वाळला तर तडकतो, ऊब लागली तर विरघळतो, आणि वाढताना धक्का बसला तर एका खड्याच्या जागी नुसता चुरा पडतो. त्यासाठी लागणारी उपकरणं मागवायची सोय आमच्या कॉलेजात कुठली? बाईंनी सगळं स्वतः जमवलं. मिरजेच्या दवाखान्यांतून पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. बाटलीत मिठाचं पाणी, वर काचेची चकती, चकतीच्या खालच्या अंगाला शुद्ध केलेल्या चिकाचा एक थेंब उलटा टांगलेला, आणि कडेनं सायकलच्या दुकानातलं ग्रीस. अशा बाटल्यांची पेटी त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी छताला टांगली होती. जमीन हादरली तरी पेटी हादरू नये, म्हणून.

आम्ही त्याला बाईंचा पाळणा म्हणायचो. "बारसं कधी?" मी दर सोमवारी विचारायचो.

"मूल वाढू तर द्या," त्या म्हणायच्या.

पण उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावरून कारखान्याचे ट्रक जायचे आणि खिडकीच्या काचा वाजायच्या. एका सकाळी सगळ्या बाटल्यांमध्ये चुरा दिसला. बाई स्टुलावर बसून चक्क रडल्या. मी चहा मागवला.

आणि मग त्यांना पेव सापडलं. सांगलीत हळद पेवात ठेवतात, हे तुम्हाला माहीत असेल. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत बारा महिने सारखाच गारवा. बाईंच्या एका विद्यार्थिनीचे वडील, आण्णा, हळदीचे व्यापारी होते. गावाबाहेर नदीकडे त्यांची पेवं होती. त्यातलं एक रिकामं पेव बाईंनी मागून घेतलं. ना ट्रक, ना ऊन. पेवाच्या भिंतीतल्या कोनाड्यात पाळणा टांगला गेला.

आण्णांची अट एकच होती. "आवं बाई, झाकण काढून पेव घटकाभर उघडं ठिवायचं. मग दोरानं कंदील सोडायचा. कंदील जळत ऱ्हायला तरच उतरायचं. आत हवा कोंदती. लय वंगाळ."

हे बाईंना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर त्या कर्बवायूच्या बरणीत जळती मेणबत्ती सोडायच्या. ती विझली की म्हणायच्या, "मेणबत्तीच्या जागी आपण असतो तर?"

तरी त्या आण्णांशी हुज्जत घालायच्या. "तुमच्या कंदिलाची धग लागते हो माझ्या थेंबांना."

"लागू द्या की. मानूस म्हत्त्वाचं का थेंब?"

"दोन्ही," बाई म्हणायच्या, आणि पेवाच्या तोंडाशी बसून राहायच्या. पण कंदील सुटेपर्यंत उतरायच्या नाहीत.

सारखं उघडायला नको, म्हणून त्यांनी नवी युक्ती काढली. तोंडावरची जड फरशी काढून हलकं लाकडी झाकण बसवलं, म्हणजे उघडताना दणका बसू नये. झाकणातून एक लांब नळी सोडली, तिच्यात आरसे आणि आमच्या विभागातलं भिंग. वर बसून विजेरीचा झोत टाकला की खालचा पाळणा दिसायचा. थेंबातला खडा मात्र दिसायचा नाही. त्यासाठी उतरावंच लागे.

एका सकाळी त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. "काल संध्याकाळी नळीतून काहीतरी चमकलं," त्या कुजबुजल्या. "आज मला तास नाहीत, मी पुढे जाते. तुम्ही मोठं भिंग घेऊन या. आण्णा सौद्यावरून आले की उघडू." बोलताना त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुसऱ्यांना हलू नका म्हणणाऱ्या बाईंचा.

तास संपवून मी सायकलवरून गेलो. पेवाशी कोणी नव्हतं. झाकण बाजूला होतं. त्यांच्या चपला तोंडाशी नीट जोडून ठेवलेल्या, आणि कंदील खुंटीला, न पेटवलेला. मी वाकून हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. शिडीवर पाय ठेवणार, तेवढ्यात आण्णांनी मागून माझी कॉलर धरून मला ओढलं. त्यांनी कंदील पेटवला आणि दोरानं सोडला. अर्ध्यावर जाऊन तो पट्कन विझला.

तेव्हा मला कळलं. त्या आधी नाही. चपला पाहूनही नाही, हाकेला ओ आली नाही तेव्हाही नाही. मेणबत्ती विझवून दाखवणारी बाई कंदील न सोडता उतरेल, हे माझ्या डोक्यात शिरेना. आजही शिरत नाही. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. एवढी काय घाई होती? थोडी धग लागली असती तर लागली असती.

माणसं जमली. पोती दोराला बांधून वरखाली केली, आतली हवा ढवळली. कंदील जळत राहिला तेव्हा आण्णांचे भाऊ उतरले. बाई शिडीच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, असं ते म्हणाले. पाळण्याकडे तोंड करून. त्याला हात लागलेला नव्हता. त्यांना बाहेर काढून घोंगड्यावर ठेवलं, आणि आण्णांनी पेटी वर आणून माझ्या हातात दिली.

मी भिंग लावलं. थेंबात खडा होता. मोहरीएवढा, अखंड. पुढे तो मी बंगलोरला पोचवला, त्याची छायाचित्रंही निघाली, पण ते सारं नंतरचं.

तेव्हा भोवती गर्दी रेटत होती. बायका रडत होत्या, मागचे पुढच्यांना ढकलत होते, पेटी माझ्या हातात डुचमळत होती. काही न ठरवता माझं बोट वर गेलं आणि मी ओरडलो, "हलू नका!"

सगळे थांबले. कुठे काही हललं नाही. मी घोंगड्याकडे बघत राहिलो. बाईंनी तरी माझं ऐकायला नको होतं.