मधल्या पायरीवरचं नाव

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तिने कोऱ्या कागदाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं, ‘लहान शीतगृह’, आणि त्यातून वर जाणारा एक बाण काढला.

औषधांच्या शीतगृहांवर नजर ठेवणारा प्रोग्राम तिच्या ऑफिसात तयार होतो. शनिवारी एका लहान शीतगृहात तापमान चढलं, धोक्याची घंटा वाजलीच नाही, आणि चार कपाटं भरून लशी फेकून द्याव्या लागल्या. घंटा वाजवणारी मेथड, म्हणजे प्रोग्राममधला तेवढ्या कामाचा तुकडा, सहा वर्षांपूर्वी तिने लिहिलेली. चूक तिच्या कोडमध्ये होती, असा अहवाल टेबलावर तयार पडला होता. अकरापर्यंत सही हवी होती. सही केली की शीतगृहांचं काम तिच्या हातून जाणार, हे साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

अहवाल लिहिला होता मास्तरांनी. खरं तर ते ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. नवख्यांना शिकवून शिकवून हे नाव पडलं. तिलाही त्यांनीच शिकवलं, तेही कागद-पेन्सिलीवर. प्रोग्राममध्ये क्लास, म्हणजे मेथडींचे गट, एकाखाली एक असतात. क्लासकडे स्वतःची मेथड नसेल तर ती बापाकडून, म्हणजे वरच्या क्लासकडून येते, बापाकडे नसेल तर आजोबाकडून. म्हणून शोध खालून वर घ्यायचा. पहिली जिथे सापडेल, चालते ती तीच. थेट आजोबाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, मधला बाप रुसतो, असं म्हणून ते स्वतःच आधी हसायचे.

काल मास्तर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आधी उघडला तो सगळ्यात वरचा, तिचा क्लास. दोनदा वाचला, मान हलवली, इथेच कुठेतरी आहे म्हणाले. घाबरलेल्या तिला तेव्हा काही खटकलं नाही. खटकलं ते आज, दात घासताना.

आता ती पायरी-पायरीने चढली. लहान शीतगृहाच्या क्लासमध्ये घंटेची मेथड नव्हती. त्याच्या वरच्या क्लासमध्ये होती. नाव तेच, आत एक ओळ नाही. शोध तिथेच संपत होता. तिच्या कोडपर्यंत कुणी पोचतच नव्हतं. बदलांच्या नोंदीत तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि मास्तरांचं नाव.

तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. नवी दारं बसवताना घंटा सारखी वाजायची, लोक वैतागले होते, दोन दिवसांपुरती बंद केली आणि राहून गेलं, असं त्यांनी सांगितलं.

“आणि काल? काल तर माहीत होतं तुम्हाला.”

“तुझं वय आहे गं, तू निभावून नेशील. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय.”

“वरून सुरुवात केलीत, मास्तर. मला तसं नव्हतं शिकवलंत.”

तिने अहवाल सही न करता साहेबांना नेऊन दिला, वर पेन्सिलीचा कागद टाचून. साहेबांनी तो उभ्याउभ्या वाचला, मास्तरांना आत बोलावलं आणि काचेचं दार लावून घेतलं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तिने रिकामी मेथड काढून टाकली आणि चाचणी घेतली. घंटा वाजली.

उद्यापासून रोज सकाळी साडेनऊला सगळ्या अकरा शीतगृहांची घंटा एकेकदा वाजवून पाहायची आहे. साहेबांनी केलेल्या यादीत पहिलं आहे लहान शीतगृह, आणि त्यापुढे नाव तिचं.