आमच्या तलावात नाव नव्हती

लग्न होऊन मी या गावात आले, त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या तोंडून एक साधा शब्द गेला आणि जेवत्या माणसांचे हात थांबले.

मी पवनीची. माहेरचे सगळे वैनगंगेवर मासे धरणारे, त्यामुळे नाव, नावाडी हे शब्द आमच्या घरी मीठ-मिरचीइतके रोजचे. सासरही मासे धरणाऱ्यांचंच, फक्त नदीऐवजी तलावावर. वाढता वाढता मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं, "आपली नाव कुठं बांधता?" मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, हातातला घास ताटात ठेवला आणि उठून बाहेर गेले. आत्याबाईंनी माझ्याकडे असे डोळे वटारले, जणू मी त्यांच्या ताटात मातीच कालवली असावी. चुलीपाशी कोऱ्या कपाळाची एक बाई बसली होती, ती मात्र खुदकन हसली.

"आमच्यात नाव नसते वो नवरी," ती म्हणाली. "डोंगा असते. खोडातून कोरलेला. ह्या तलावात नाव कधीच नव्हती. विचार तुह्या सासऱ्याले."

ती मोठीमाय, मामाजींच्या थोरल्या भावाची बायको. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मोठीमाय पन्नाशीला आली असेल. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला मिठाचा अंदाज नव्हता. तिनं भाजी केली की घरात पाण्याचा एक माठ जास्त लागायचा. "मोठीमाय, समुद्र आटवला का वो?" असं आम्ही चिडवायचो. ती म्हणायची, "ज्याले चालत होतं त्याले चालत होतं. तुम्ही पाणी प्या."

ज्याला चालत होतं त्याची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. मोठ्या लढाईच्या शेवटी शेवटी गावापासून दोन कोसांवर इंग्रजांनी विमानांसाठी सिमेंटची लांबच लांब पट्टी बांधली. आजूबाजूच्या गावांतून मजूर नेले. मोठीमायचा नवरा तिथं चुन्याचं काम करायचा, पट्टीवर पांढऱ्या रेघा मारायचा. आठ दिवस तिकडे राहायचा आणि बाजाराच्या दिवशी घरी यायचा. लग्नाला वर्ष झालं होतं. एका बाजाराला तो आला नाही. त्याऐवजी अड्याळकडचा एक गाडीवान तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गेला, आणि बैल न थांबवताच त्यानं ओरडून निरोप दिला. तेव्हा पाळीवर मामाजी जाळं वाळवत उभे होते, नुकतं मिसरूड फुटलेले. त्यांनी ऐकलं ते असं, "तुमचा थोरला नावेत गेला."

गेला म्हणजे गेलाच. मामाजींनी तिथंच पाण्यात उडी घेतली. पट्टीवरून घरी यायची वाट तलाव ओलांडून, म्हणून तीन दिवस अख्ख्या मोहल्ल्यानं तलाव चाळला. पट्टीवर विचारायला गेलेल्यांना शिपायांनी तारेबाहेरूनच हाकललं. शेवटी एक फाटका दुपट्टा गळाला लागला. गवताचा पुतळा करून जाळला, दहावा झाला, आणि अठरा वर्षांच्या पोरीच्या बांगड्या पाळीवरच्या दगडावर फोडल्या.

"दुपट्टा तं कोण्याही तलावात सापडते," मोठीमाय मला सांगायची. "मी त्याच दिवशी म्हणलं, आपल्यात नाव कुठून आली? कोणी पाहिली? तं म्हणे, भैसाटली. दुःखानं येडी झाली." तिचं तोंड लोकांनी असं बंद केलं. पुढे आमच्या रिवाजाप्रमाणे पाट लावायचं निघालं, दुसरं लग्न. धाकटा दीर, म्हणजे मामाजी, घरातच होता. ती नाही म्हणाली. मेला असेल तर कसा मेला, आणि जिवंत असेल तर कुठं आहे, हे कळल्याशिवाय ती कोणाच्या दारात जायला तयार नव्हती. तीस वर्षं तिला तेवढंच हवं होतं. त्या घरात नाव हा शब्द का बंद होता, ते मला तेव्हा उमगलं. तो शब्द निघाला की मामाजींना पुन्हा पाळीवर उभं राहावं लागायचं.

पट्टीवर मी पहिल्यांदा गेले ती धान वाळवायला. लढाई संपली तशी विमानं गेली, तारेचं कुंपण लोकांनी नेलं, खोल्यांची कौलं नेली, उरलं ते सिमेंट. आसपासच्या बाया तिथं धान आणि मोहफुलं वाळवायच्या. तिला सगळे नावीपट्टी म्हणायचे. का म्हणून विचारलं तर सांगायचे, न्हाव्यानं डोकं भादरावं तशी साफ आहे ना, म्हणून. मलाही ते पटलं. मी दहावी शिकलेली, पण अक्कल कुठं चालवली!

खरं सांगते, ती जागा मला आवडायची नाही. भर दुपारी तिथं कोणी नसताना मागून अनवाणी पावलं वाजायची, सिमेंटवर ओली पावलं वाजतात तशी. वळून बघावं तर नुसतं ऊन. जमिनीत लोखंडी कड्या रुतलेल्या होत्या, विमानं बांधायच्या. वारा नसतानाही त्या कधीकधी घुमायच्या. गुरं पट्टीवर पाय ठेवायची नाहीत, वळसा घालून जायची. सिमेंटवर दोन लांब पांढऱ्या रेघा पुसट दिसायच्या, एका टोकाला जवळ येत गेलेल्या. त्या कशाच्या, कोणालाच माहीत नव्हतं. बाया म्हणायच्या, रेघेच्या आत धान पसरलं की पाखरं येत नाहीत. पाखरं खरोखर येत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

पट्टीच्या कडेला सिमेंटमध्ये एक पाऊल उमटलेलं होतं. ओल्या सिमेंटवर कोणी तरी पाय दिला असावा. उजवा पाय, करंगळी नाही. "त्याची लहानपणी कासवानं तोडली," मोठीमाय म्हणाली आणि त्या पावलातली माती पदरानं पुसली. दर पितृपक्षात ती तिथं पान ठेवायची. वडे, कढी, कोहळ्याची भाजी, भात. तलावावर एकदाही ठेवलं नाही. मामाजी पाण्याची घागर घेऊन तिच्या मागे जायचे आणि दूर उभे राहायचे.

"मेला असन तं उपाशी नको राहू, जिता असन तं रागावू नको," असं पावलाला सांगून ती पान ठेवायची.

एकदा मी म्हणाले, "मोठीमाय, कुत्रे खातात वो."

"खातात ना. मी काय आंधळी हाये? पण एका साली काय झालं, आयक. लढाई सरून पाच-सहा साल झाले असन. दुसऱ्या दिवशी गेली पाहाले, तं पत्रावळ दुमडलेली. बरोबर मधातून दुमडली अन् वरतं गोटा ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. एक शीत नाही उरलं. सांग, कुत्रं पत्रावळ दुमडते का?"

जेवून उठलेला माणूस पत्रावळ दुमडतो, हे काय मला सांगायला हवं होतं? त्या दिवसापासून ती पावलं मला जास्तच ऐकू यायला लागली.

ऐंशी साल उलटलं आणि एका उन्हाळ्यात पट्टी मोजायला सरकारी माणसं आली. पुन्हा विमानं येणार अशी आवई उठली. हद्दी दाखवायला त्यांनी कुठून तरी एक म्हातारा शोधून आणला होता. इंग्रज गेल्यावर काही वर्षं तो तिथं चौकीदार होता, नंतर लेकीकडे तुमसरला राहायला गेला. मी तेव्हा मोहफुलं गोळा करत होते. म्हाताऱ्याला तहान लागली होती, मी पाणी दिलं. बसला आणि बोलायला लागला.

"हे रेघा दिसतात का बाई? हे जहाज होय."

"कशाचं जहाज?"

"समुद्राचं. हे नेवीवाल्यांचं होतं ना सारं. त्यांचे विमानं जहाजावर उतरत. जहाज लहान, पट्टी मोठी. म्हणून पट्टीवर जहाजाचा आकार काढला, अन् त्याच्यातच उतरून शिकत. बाहेर गेला तं समज, समुद्रात पडला. समुद्र काही इथं आणता येत नाही, जहाज आणलं."

नेवी. नावीपट्टी. मी हातातली टोपली खाली ठेवली. आठ वर्षं मी एका जहाजावर धान वाळवत होते, आणि पुस्तकात नौदलाचा धडा वाचलेली बाई मी, न्हाव्याची गोष्ट खरी मानून बसले होते.

"तो आकार आमच्यातल्याच एका पोरानं काढला," म्हातारा सांगत होता. "ढिवराचा होता, मासे धरणाऱ्याचा. हात मोठा सरळ. पाण्याले भेत नाही म्हणून साहेबानं जाताना संगंच नेला त्याले. नेवीत गेला तो."

नेवीत गेला. नावेत गेला. मी तो शब्द मनात दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघितला. चालत्या गाडीवरून, पाळीवरच्या वाऱ्यात, समुद्र कधी न पाहिलेल्या पोराच्या कानावर तो पडला होता. ना थोरल्याला लिहिता येत होतं, ना इकडं कोणाला वाचता.

"एका पायाले करंगळी नव्हती का?" मी विचारलं.

"तुले कसं माहीत? हाव, नव्हती. वापस आला होता ना तो एकदा."

म्हातारा सांगत गेला. लढाईनंतर पाच-सहा वर्षांनी एक माणूस बूट घालून, पेटी घेऊन पट्टीवर आला. पितराचे दिवस होते. त्याला ते पाऊल सापडलं, आणि पावलाजवळ वाढलेलं पान. चौकीदाराला त्यानं विचारलं, हे कोण ठेवते? चौकीदार म्हणाला, तलावावरची एक बाई ठेवते, तिचा नवरा बुडून मेला म्हणतात. त्या माणसानं बूट काढले, मांडी घालून बसला आणि सगळं जेवला.

"म्हणे, बायकोच होय माही. एवढं मीठ दुसरं कोणी टाकत नाही. खात होता अन् रडत होता. मी म्हणलं, मंग जा ना बावा घरी, दोन कोस तं हाये. उठलाच होता. मंग त्यानं विचारलं, एकटीच येते का? मी पाहिलं ते सांगितलं. म्हणलं, नाही, एक माणूस असते संगं, घागर घेऊन. तं म्हणे, कसा हाये दिसाले? मी सांगितलं. तं म्हणे, धाकट्यासंग पाट लावला म्हणजे. बरं केलं. मी आलो होतो ते तिले सांगू नको. पत्रावळ दुमडली, गोटा ठेवला अन् आला त्याच रस्त्यानं गेला."

घरी येईपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सांगावं की सांगू नये? मला वाटलं, जिला तीस-पस्तीस वर्षं वेडी ठरवलं तिला तिचा शब्द परत मिळायला हवा. तोच माझा शहाणपणा. मी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं.

मामाजी ओट्याच्या खांबाला धरून खाली बसले. दोनदा त्यांनी "नेवीत" असं म्हणून बघितलं, नवा शब्द शिकावा तसं. मग दोन्ही हातांनी कान झाकले आणि लहान पोरासारखे रडले. मोठीमायनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"म्हणलं होतं," ती म्हणाली. "आपल्या तलावात नाव नव्हती."

आणि मग ती ओरडली. मी तिला त्याआधी कधी तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. "विचाराचं तं होतं! दोन कोस चालून विचाराचं तं होतं! जेवाले बसता येते अन् विचाराले येता येत नाही? बुडला असता तं बरा होता, माहा तं राहिला असता!"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मी एक शब्द दुरुस्त केला आणि तिचा मेलेला नवरा तिच्याकडून काढून घेतला. आजही ते आठवलं की मला माझीच शरम वाटते.

त्या वर्षी पितृपक्ष आला. मोठीमाय चुलीपाशी गेली नाही. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मामाजी दोनदा घागर उचलून दारापर्यंत गेले आणि परत ठेवली. माझ्यानं बघवेना. मी वडे तळले, कढी केली, कोहळा चिरला, आणि दुपारी एकटीच पट्टीवर गेले. पावलातली माती पुसून पान ठेवलं. परत येताना मागे पावलं वाजली. मी वळले नाही.

घरात शिरले तर मोठीमाय उठून बसली होती.

"कुठं गेली होती?"

"पट्टीवर," मी म्हणाले. "पान ठेवून आली."

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्या होत्या. तिनं पदर नीट केला.

"मीठ किती टाकलं?"

"बरोबर टाकलं वो. आपण सगळे खातो तेवढंच."

मोठीमाय माझ्याकडे बघत राहिली.

"मंग वळखन कसा तो?"