‘जात’ खोडून ‘प्रकार’

कळव्याच्या नाथा कोळ्याची सगुणा बी.एस्सी. झाली आणि वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत लागली. १९९३ साली कंपनीनं पतपेढ्यांसाठी डेटाबेस तयार केला. त्याचं मराठी माहितीपुस्तक लिहायचं काम सगुणाकडे आलं. इंग्रजीतल्या ‘टाइप’ला तिनं सरळ ‘जात’ म्हटलं. घरी कोळंबीची जात, भाताची जात असंच बोलत. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी शेजारच्या टेबलावरची कांता मोठ्यानं प्रुफं वाचत होती, सगुणा ताडून पाहत होती. ‘माहितीची जात बदलणे’ हे प्रकरण आलं.

“वरच्या जातीतून खालच्या जातीत आणल्यास किंमत घटते,” कांतानं वाचलं आणि ती थांबली.

“पुढे वाच ना.”

“नाही गं. कल्याणला पतपेढीवाल्यांचा क्लास मी घेणार आहे. हे मी लोकांसमोर वाचणार नाही.” तिनं कागद उलटा ठेवला.

दशांश संख्येची पूर्णांक केली की पुढचे आकडे गळतात, एवढंच सगुणाला म्हणायचं होतं. कांताला काय वाटलं, हे विचारायचा धीर तिला होईना. ती विभाग सांभाळणाऱ्या सुहासिनी मॅडमकडे धावली.

“अगं, तांत्रिक पुस्तक ते, कोण एवढं मनावर घेतंय?” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ते वाक्य वाचलं. “सकाळी प्रेसचा माणूस येईल. तोवर नीट कर.”

सगुणानं घाईघाईत कॉम्प्युटरला सांगितलं, सगळीकडे ‘जात’ काढ, ‘प्रकार’ घाल. झालं! पहिलंच पान उघडलं तर, ‘जुनी माहिती पुसली प्रकार नाही.’ खाली, ‘संख्येची दुसरी प्रकार.’

“रडतेस काय? सरक,” म्हणत कांतानं खुर्ची ओढली. दोघींनी एकेक ओळ हातानं सुधारली.

कल्याणच्या क्लासला सगुणाही गेली. कांता वाचत होती, “दशांश संख्या पूर्णांक प्रकारात नेली, तर दशांशचिन्हापुढचे आकडे गळतात.” सगुणा एकेकाचा चेहरा न्याहाळत होती. हातातलं पुस्तक चाळता चाळता ती शेवटच्या सूचीवर आली. तिथे ठळक छापलं होतं, ‘जात बदलणे’. सूची वेगळ्या फाइलमध्ये होती, ती तपासायचीच राहिली होती.

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. मग ती उठली.

“शेवटच्या पानावर माझी एक चूक राहिलीये. ‘जात’ खोडून ‘प्रकार’ लिहा.”

खिशातली पेनं निघाली. पुढच्या बाकावरच्या कारकुनानं शब्द खोडला, वर नवा लिहिला आणि विचारलं, “बाई, ते गळलेले आकडे परत आणता येतात का?”

“नाही,” कांता म्हणाली. “म्हणून आधी कॉपी काढून ठेवायची.”

सगुणा खाली बसली. तिनं आपल्या प्रतीतलाही शब्द खोडला.